काउंटरखालची वही

ऑगस्ट २०२२ मधला शनिवार. दुकानाचं शटर वर करून मी जेमतेम दिवे लावले होते, तेवढ्यात एक गृहस्थ तीन जाडजूड पुस्तकं छातीशी धरून आत आले. टपालखात्यातून निवृत्त झालेले, दर शनिवारी येणारे. एरवी हातात कॉफीचा कप घेतल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी तिन्ही पुस्तकं काउंटरवर ठेवली आणि थेट विचारलं, "आता ही रद्दीत घालायची का?"

पुस्तकं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची होती. दोनच दिवसांपूर्वी, १८ ऑगस्टला, 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने जाहीर केलं होतं की खेळाचे नियम बदलणार, २०२४ मध्ये नवी पुस्तकं येणार, आणि तोवर कच्चे मसुदे खेळाडूंना खेळून पाहायला मिळणार. म्हणजे पुस्तकं यायला अजून दोन वर्षं होती. तरी त्या सकाळपासून माझ्या कामात एका कामाची भर पडली, ती म्हणजे लोकांचं ऐकून घेणं.

काउंटरखाली हिशेबाची एक निळी वही असायची. तिच्या शेवटच्या पानापासून उलट्या बाजूने मी लोकांचं बोलणं टिपायला लागले. मराठीत लिहायचे, म्हणजे कुणी चाळली तरी गिऱ्हाइकाला कळायला नको. पहिली नोंद अशी आहे: "टपालवाले आजोबा. पुस्तकं रद्दी का? रागावल्यासारखे बोलले, पण घाबरलेत."

मी या दुकानात कशी आले ते सांगायला हवं. माहेर साताऱ्याचं, लग्न होऊन पुण्याला, आणि तिथून नवऱ्याच्या नोकरीपायी न्यू जर्सीत. आले ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरी करणाऱ्याची बायको म्हणून. या व्हिसावर पूर्वी कामच करता येत नसे. २०१५ मध्ये नियम बदलला आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत ठरावीक टप्प्यावर पोहोचलेल्यांच्या जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली. माझ्या हातात त्या परवानगीचं कार्ड पडलं तेव्हा पुण्यातल्या बँकेचा माझा अनुभव शिळा झाला होता. एडिसनजवळच्या एका खेळांच्या दुकानावर 'माणूस पाहिजे' अशी पाटी दिसली. पत्ते, सोंगट्या, फासे विकायचे, एवढंच काम असेल असं वाटलं. आत गेले आणि तिथेच राहिले.

या खेळाशी ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोकणातल्या दशावतारात संहिता लिहिलेली नसते. कथा ठाऊक असते, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. त्यात प्रेक्षक काढून टाका, सगळ्यांनाच नट करा आणि मधे फासे ठेवा, की हा खेळ जवळजवळ तयार. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण डंजन मास्टर. तो गोष्ट पुढे नेतो, राक्षस चालवतो आणि पंचाचंही काम करतो. "मी दार फोडतो," असं कुणी म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि आकड्यावरून ठरवायचं दार फुटलं की खांदा निखळला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला. तेव्हापासून नियमांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. २०१४ मधली पाचवी सर्वांत लोकप्रिय ठरली, आणि बदल आता तिच्यातच व्हायचा होता. एकच पात्र लोक पाच-पाच, सात-सात वर्षं खेळतात. माझ्या टेबलावरच्या एका जोडप्याच्या पात्रांचं लग्न त्यांच्या स्वतःच्या लग्नाआधी झालं होतं.

दुकानात वर्षभर काढल्यावर मालकाने शनिवारचं एक टेबल माझ्याकडे दिलं. इंग्रजी अडखळायचं, पण गोष्ट सांगता येत होती. साताऱ्यात आजीने रोज रात्री सांगितलेल्या गोष्टींतले राक्षस मी न्यू जर्सीत बिनदिक्कत खपवले.

पहिला मसुदा हातात आला तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली. या खेळात वीसच्या फाशावर वीस पडला की फटका दुप्पट जोराचा लागतो. टेबलावरचे सगळे उठून ओरडतात तो हा क्षण. मसुद्यात लिहिलं होतं की असा दुणा फटका फक्त खेळाडूंच्या शस्त्रांना, राक्षसांना नाही आणि जादूच्या माऱ्यालाही नाही. हेतू मला कळत होता. नवखं, पहिल्या पायरीवरचं पात्र अशा एकाच फटक्यात मरू शकतं, आणि नव्या खेळाडूचं पहिल्याच दिवशी मन खट्टू होतं. मला वाटलं, बरंच आहे की. कुणाला न विचारता मी पुढच्याच शनिवारी तो नियम लावला.

लढाई रंगात आली होती. माझ्या दांडगट राक्षसाचा वीस पडला. एरवी टेबलावर हाहाकार उडाला असता. मी म्हटलं, "लागला. पण नेहमीइतकाच." कुणी काहीच बोललं नाही. पुढच्या फेरीत जादूगार खेळणाऱ्या मुलीचा वीस पडला. तिच्या अग्निबाणालाही दुप्पट नाही. तिने फासा उचलला, पिशवीत टाकला आणि दुसरा काढला. टपालवाले आजोबा माझ्याकडे बघत म्हणाले, "राक्षसाचा वीस आम्हाला लागणारच नसेल, तर आम्ही घाबरायचं कशाला?"

रात्री वहीत लिहिलं: "वीसचा नियम वाईट असेल-नसेल. मी विचारलं नाही, हे जास्त वाईट." सप्टेंबरअखेर दुसरा मसुदा आला त्यात हा नियम नव्हता. आजोबांनी विजयी मुद्रेने कॉफीचा कप उंचावला, जणू कंपनीने त्यांनाच फोन करून विचारलं होतं.

एका अर्थी विचारलंही होतं. प्रत्येक मसुद्यामागून प्रश्नावली यायची. या बदलावर तुम्ही किती समाधानी आहात, म्हणून. तेव्हाचे मुख्य नियमकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की साधारण सत्तर टक्क्यांच्या वर समाधान असेल तर बदल पुढे जातो, खाली असेल तर पुन्हा कामाला घेतला जातो किंवा सोडून दिला जातो. मी दुकानातल्या छपाईयंत्रावर मसुद्यांच्या प्रती काढून ठेवायचे आणि सर्वांना एकच सांगायचे: आधी खेळा, मग भरा. ऐकायचे थोडेच. बहुतेक जण वाचूनच तावातावाने भरून टाकायचे.

वही भरत गेली तशी माणसांची तऱ्हा कळायला लागली.

एक म्हणजे ज्यांनी सगळं पाहिलंय. टपालवाले आजोबा त्यांच्यातले. दुसऱ्या आवृत्तीत चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम, असा उलटा हिशेब होता. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि तो हिशेब सरळ झाला. "तेव्हाही आम्ही म्हटलं होतं, खेळ बुडाला," असं ते स्वतःच सांगतात. २००८ ची चौथी आवृत्ती त्यांना मुळीच रुचली नाही. त्यांच्यासारख्या अनेकांनी जुन्या नियमांवर बेतलेला 'पाथफाइंडर' हा वेगळा खेळ २००९ मध्ये जवळ केला. तेव्हा रुसून गेलेले आजोबा पाचव्या आवृत्तीला परत आले होते. "पुन्हा घर बदलायचं वय नाही माझं," हे त्यांचं वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवलंय.

दुसरे गणितवाले. विमा कंपनीत काम करणारा एक तरुण प्रत्येक मसुदा आला की त्याच रात्री सरासरी घाव मोजून आणायचा. वॉरलॉक म्हणजे कुण्या अमानवी शक्तीशी करार करून जादू मिळवणारं पात्र. त्याची जादू थोडी, पण घणाघाती, आणि थोड्याशा विश्रांतीत पुन्हा भरून येणारी. एप्रिल २०२३ च्या मसुद्यात ही रीत काढून त्याला इतरांसारखी साधी, हळूहळू वाढणारी जादू दिली. गणितवाला आकडे घेऊन आला खरा, पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच: "करार केला होता म्हणून वेगळा होतो. आता रांगेत उभा केला." त्या वर्षी सप्टेंबरच्या मसुद्यात वॉरलॉकला त्याची जुनी रीत परत मिळाली.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत जवळची. यांना आकड्याशी देणंघेणं नसतं, त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र असतं. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एक बाई माझ्या टेबलावर ड्रुइड खेळतात, म्हणजे प्राण्याचं रूप घेणारी वनवासी साध्वी. स्वस्ताच्या दुकानातून आणलेले प्लॅस्टिकचे प्राणी त्या डब्यात घालून आणतात आणि रूप पालटलं की अस्वल, कोल्हा, कोळी असं एकेक टेबलावर मांडतात. फेब्रुवारी २०२३ च्या मसुद्यात निरनिराळ्या प्राण्यांचे निरनिराळे आकडे जाऊन सरसकट साचे आले. जमिनीवरचा प्राणी, पाण्यातला प्राणी, हवेतला प्राणी. दिसायला काहीही म्हणा, आकडे तेच. मला तो बदल सोयीचा वाटला होता, कारण नवा खेळाडू ड्रुइड घेतो आणि अर्धा वेळ पुस्तकात प्राणी शोधत बसतो. मी बाईंना तसं सांगून पाहिलं. त्यांनी डबा उघडून अस्वल आणि कोल्हा माझ्यासमोर ठेवले. म्हणाल्या, "दोघांना एकच समजायचं, तर मी दोन कशाला विकत घेतले?"

पुढे ते साचे रद्द झाले आणि प्राणी परत आले. तरी छापील पुस्तकात एक बदल राहिलाच. पूर्वी अस्वल झालं की अस्वलाचा जीव वेगळा मोजायचा. आता जीव ड्रुइडचा स्वतःचाच, वर थोडी तात्पुरती भर. "माझं अस्वल रोडावलं," एवढं एकदा म्हणून बाईंनी डबा मिटला. पुढच्या शनिवारी मात्र डबा पुन्हा टेबलावर होता.

या सगळ्या नोंदी म्हणजे घरातल्या घरातली कुरकुर होती. जानेवारी २०२३ मध्ये मी जे पाहिलं तो राग निराळा होता.

२००० सालापासून या खेळाच्या मूळ नियमांवर बेतून कुणीही आपलं साहस, आपले राक्षस, आपली पुस्तकं छापून विकू शकत असे. त्यासाठी एक खुला परवाना होता. हा परवाना बदलून जुना रद्दबातल ठरवण्याचा मसुदा जानेवारीच्या सुरुवातीला फुटला. दुकानात लहान प्रकाशकांची पुस्तकं ठेवायचं एक फडताळ होतं. त्यातल्या एका पुस्तिकेचा लेखक आमच्याच भागातला, रात्रपाळीला गोदामात काम करणारा. तो आला, फडताळासमोर उभा राहिला, स्वतःची पुस्तिका काढून बघितली आणि परत ठेवली. बोलला काहीच नाही. वहीत त्या दिवशी फक्त तारीख आहे.

या वेळी लोकांनी नियम वाचून वाद घातले नाहीत. त्यांनी कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी बंद केली. माझ्या टेबलावरच्या सहापैकी चौघांनी तर माझ्यासमोरच फोन काढून बंद केली. कंपनीने पुन्हा प्रश्नावली काढली. पंधरा हजारांहून जास्त लोकांनी ती भरली आणि ८९ टक्के लोकांनी जुना परवाना रद्द करण्याबद्दल नाराजी नोंदवली. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना राहिला, शिवाय मूळ नियमांचा गाभा 'क्रिएटिव्ह कॉमन्स'मध्ये खुला केला, म्हणजे तो आता कुणालाही परत घेता येणार नाही.

गोदामवाला दुसऱ्या दिवशी आला आणि पुस्तिकेच्या पाच प्रती ठेवून गेला.

तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती, ती मी दुकानात कुणाशी बोलले नाही. एच-फोर व्हिसावरच्या लोकांची कामाची परवानगी काढून घेण्याचा विचार असल्याचं सरकारने २०१७ मध्ये जाहीर केलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. मधली तीन वर्षं मी रोज सकाळी दुकान उघडताना मनात म्हणायचे, हे शेवटचं वर्ष. घरात नवी खुर्ची घ्यायची तरी, माझा पगार धरायचा की नाही यावर आमची चर्चा व्हायची. नियम आला असता तर त्रास झाला असताच. पण न आलेल्या नियमानेही तीन वर्षं खाल्ली. आणि त्या तीन वर्षांत माझ्याकडे कुणी प्रश्नावली पाठवली नाही. अमुक बदलावर तुम्ही किती समाधानी आहात, असं मला कुणी विचारलं नाही.

म्हणून टपालवाले आजोबा पुस्तकं छातीशी धरून आले तेव्हा मला हसू आलं नाही. "खेळच तर आहे," असं म्हणणारे दुकानात पुष्कळ येतात. माझ्या तोंडी ते वाक्य कधी आलं नाही. येणाऱ्या नियमाखाली दिवस काढणं काय असतं, ते मला ठाऊक होतं.

वहीत एक पान असं आहे की त्यावर दोन नोंदी शेजारी शेजारी आहेत. टेबलावर एक मुलगी आहे, तेव्हा पंधरा वर्षांची. वडील नागपूरचे, आई पेन्सिल्व्हेनियाची. ती हाफ-एल्फ खेळते, म्हणजे आईबापांपैकी एक माणूस आणि एक एल्फ या काल्पनिक, मानवसदृश जमातीतलं, असं पात्र. पहिल्याच मसुद्यात अशा संमिश्र मुलांसाठी नियम होता: दिसायला दोघांसारखं कसंही असा, पण गुण मात्र दोघांपैकी एकाचेच घ्या. मुलगी कागद घेऊन माझ्याकडे आली. "काकू, मी आजोळी गेले की सगळे म्हणतात बापावर गेली. नागपूरला गेले की म्हणतात आईवर गेली. माझी एल्फ तशीच आहे ना? मग तिला एकीकडेच का बसवायचं?"

त्याच टेबलावर रुग्णालयात परिचारक म्हणून काम करणारा एक तरुण आहे. आई-वडील दोन वंशांचे. तो म्हणाला, "अर्धा हा शब्द गेला तर मला बरंच वाटेल. शाळेत मला अर्धा म्हणूनच हाक मारायचे."

दोघंही खरं बोलत होते. सत्तर टक्क्यांच्या प्रश्नावलीत या दोन खुणा एकमेकींना खोडून टाकतात, हे मला त्या दिवशी कळलं. कंपनीने पुढे 'वंश' या अर्थाचा जुना शब्द बदलून 'प्रजाती' केला, आणि २०२४ च्या मुख्य पुस्तकात हाफ-एल्फ नाही. जुन्या पुस्तकातलं पात्र नव्या नियमांत खेळायला मुभा मात्र आहे. मुलीने कागद आणला त्या रात्री तिला न्यायला तिचे वडील आले होते. "काय म्हणतेय वहिनी ही, एवढं काय बिघडलं?" असं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हटलं, "भाऊजी, गाडीत तिलाच विचारा." पुढच्या आठवड्यात मुलगी सांगत आली की पप्पा आता खेळ शिकायचं म्हणतायत.

टेबलावर निर्णय काय झाला? त्या पात्राला काय म्हणायचं ते त्या पात्राच्या मालकिणीने ठरवायचं. ती अजून हाफ-एल्फच म्हणते. परिचारक तिला तिच्या नावाने हाक मारतो. पुस्तकात असा नियम नाही.

पुस्तकाबाहेरचे नियम म्हटलं की मला साताऱ्याचं घर आठवतं. चल्लस-आठ खेळताना आमच्याकडे पक्कं होतं: समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येणार नाही. आत्या सासरहून यायची ती वेगळाच कायदा घेऊन. तिच्याकडे न मारताही आत जाता यायचं. कवड्या हातात घेऊन तासभर भांडण चालायचं. शेवटी आजी म्हणायची, "डाव मांडायच्या आधी ठरवा. मांडल्यावर नाही." मेंढीकोटातही तेच. हुकूम बंद ठेवायचा की नाही, यावर पत्ते वाटण्याआधी एकमत झालं नाही तर संध्याकाळ भांडणात जायची. तिथे कुठली कंपनी नव्हती की छापील पुस्तक नव्हतं. नियम बदलायचा तो अंगणात बसलेल्यांनी, आणि डाव मांडण्याआधी.

न्यू जर्सीतल्या टेबलांवरही हे आपोआप होतच असतं. २०१४ च्या नियमांत जखम भरणारं औषध प्यायला पाळीतला मुख्य वाटा खर्च व्हायचा. राक्षस अंगावर येतोय आणि आपण बाटलीचं बूच काढत उभे. कितीतरी टेबलांनी आपापला नियम केला होता: स्वतः प्यायचं तर पाळीतला छोटा, जादा वाटा पुरे. आमच्या टेबलावर हा नियम माझ्या येण्याआधीपासून होता, तो कुणी आणला ते कुणालाच सांगता आलं नाही. २०२४ च्या पुस्तकात तोच नियम छापून आला. आजोबांनी ते पान उघडून आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. "हा तर आपला," म्हणाले. सबंध पुस्तकात त्यांनी मनापासून स्वीकारलेला पहिला बदल तो.

पुस्तक यायच्या तोंडावर, ऑगस्ट २०२४ मध्ये, आणखी एक ठिणगी पडली. कंपनीच्या डिजिटल सेवेत लोकांच्या पात्रांचे तक्ते साठवलेले असतात. तिथे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू यांच्या जागी नवेच येणार असं जाहीर झालं. जुने हवेत तर हाताने भरून घ्या. विकत घेतलेलं पान कुणीतरी पुसणार, एवढंच लोकांना त्यातून कळलं. काही दिवसांतच तो बेत मागे घेतला गेला. दीड वर्षापूर्वीच्या जानेवारीनंतरही हे घडावं याचं मला नवल वाटलं. जुनं ठेवून शेजारी नवं मांडलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती.

१७ सप्टेंबर २०२४ ला ३८४ पानांचं नवं पुस्तक दुकानात पोहोचलं. खोकी मीच फोडली. त्या आठवड्यात मी टेबलावर एक कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, आज खेळ नाही, आज फक्त ठरवायचं. प्रत्येकाने आपल्या पात्राला लागू होणारे बदल वाचायचे, हवे ते घ्यायचे, नको त्यावर बोलायचं. तीन तास लागले. वहीतल्या जुन्या नोंदी मी सोबत ठेवल्या होत्या. ज्यावर दोन वर्षं काउंटरवर रणधुमाळी चालली होती, त्यातल्या कितीतरी गोष्टींवर कुणी हातसुद्धा वर केला नाही. थकव्याचे सहा पायऱ्यांचे जुने परिणाम जाऊन प्रत्येक पायरीला दोन वजा एवढा सोपा हिशेब आला होता. जखम भरणाऱ्या मंत्रांचे फासे वाढले होते. सगळं एका दमात मान्य झालं.

सगळंच मिटलं असं मात्र नाही. गणितवाला एव्हाना पॅलडिन, म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धा, खेळत होता. जुन्या नियमांत एका पाळीत दोनदा वार करून दोन्ही वारांत दैवी तेज ओतता यायचं. नव्यात ते पाळीत एकदाच, आणि तो मंत्र धरला जातो. त्याने तीन शनिवार नव्या पद्धतीने खेळून पाहिलं. तक्रार न करता, आकडे लिहून घेत. चौथ्या शनिवारी म्हणाला, "खेळून बघितलं, नाही आवडलं." माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं. तो आता एका मित्राच्या तळघरात जुन्याच नियमांनी खेळतो, आणि फासे घ्यायला अजून आमच्याकडेच येतो. वहीतली त्याची नोंद मी सर्वांत महत्त्वाची मानते. दोन वर्षांत माझ्यासमोर आलेल्या शेकडो मतांत, खेळून, तोलून, शांतपणे दिलेला नकार तो एकच.

त्या तीन तासांत लिहिलेला कागद दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. सगळं पेन्सिलीने लिहिलंय आणि खाली सहा सह्या आहेत. राक्षसाचा वीस पडला तर दुप्पटच लागतो, हा पहिला नियम आजोबांच्या अक्षरात आहे.

जे कुणी असं टेबल चालवतात, किंवा सोसायटीच्या मैदानात पोरांचे खेळ घेतात, किंवा कचेरीत बसून इतरांसाठी नियम लिहितात, त्यांना मला आजीचंच म्हणणं सांगायचं आहे. डाव मांडायच्या आधी विचारा, आणि ज्याचं पात्र त्याला विचारा. उत्तर नको तेच येईल कदाचित. पण मग निदान सही तरी पेन्सिलीने होईल.

ती तीन जुनी पुस्तकं रद्दीत गेली नाहीत. दुकानातल्या कपाटात, नव्याच्या शेजारी उभी आहेत.